नाना कंपाउंडरांचं धीराचं औषध

नाना कंपाउंडर झाडाची नाडी बघायचे. खरंच, देठाला दोन बोटं लावून, डोळे मिटून. मग पान उलटं करून विचारायचे, "मास्तर, कालपासनं मान टाकलीया का?" आणि मी, शाळेत शास्त्र शिकवणारा माणूस, मुकाट्यानं म्हणायचो, "परवापासून."

शास्त्र शिकवायचो म्हणजे पुस्तकात जे असेल ते मोठ्यानं वाचायचो. भोरला आमच्या आळीत मी नवा बिऱ्हाडकरू. त्या साली पाऊस आला तसाच गेला आणि फाल्गुनातच विहीर तळाला गेली. घरटी दोन घागरी पाणी. त्यातलं भांडी विसळलेलं वाटीभर फुलझाडांच्या वाट्याला. माझा मोगरा, शेजारच्या काकूंची अबोली, कोपऱ्यावरच्या शिंप्याची जास्वंद, सगळ्यांनी माना टाकलेल्या. मी एका पत्रकात वाचून मोगऱ्याला राख घातली. त्यानं उरलीसुरली पानंही टाकली.

नाना मूळचे किकवीचे. दवाखान्याच्या खिडकीत तीस वर्षं औषधं देऊन नुकतेच पेन्शनीत निघाले होते. घरात दुसरं माणूस नव्हतं. अंगणात एक मडकं होतं. त्यात वेल्ह्याकडच्या धनगरानं आणलेल्या मेंढ्यांच्या लेंड्या, गूळ आणि आंबट ताक आठ दिवस कुजत असे. त्या वासानं मांजरसुद्धा वाट बदलायचं.

"ह्ये खत न्हाई, मास्तर," नाना सांगायचे. "तहानेनं झाड घाबरतं. त्येला धीर द्यायचा. धीर आला की वाटीभर पाण्यावर बी तग धरतं."

शिस्त दवाखान्याची. बाटली आपली आपण न्यायची. तिच्यावर ते खळीनं चिठ्ठी डकवायचे, 'अबोली, वय वर्षे दोन'. आणि औषध द्यायचे एकाच दिवसाचं. "उद्याचं उद्या. ताजंच लागतं." त्यामुळं रोज सकाळी सगळी आळी बाटल्या घेऊन नानांच्या पायरीवर. आधी झाडाची चौकशी, मग काकूंच्या गुडघ्याची, मग शिंप्याच्या मुलीच्या स्थळाची. तासभर मोडायचा आणि मला शाळेला उशीर व्हायचा.

पण झाडं तरली. मोगऱ्याला कोवळी पालवी आली, याचा मला आनंद झाला आणि थोडा रागही आला. माझ्या पत्रकाला जे जमलं नव्हतं ते लेंड्यांनी केलं होतं.

एकदा तो धनगर भेटला. मी विचारलं, हे रोज घालावं लागतं का?

"रोज कशाला, गुर्जी? म्हैन्यातनं दोनदा घातलं तरी लई झालं. आन् ऱ्हातंय की चांगलं म्हैनाभर."

झालं. माझ्या अंगात सुधारक संचारला. मी घरी मोठं मडकं घातलं, आठ दिवस बायकोची बोलणी खाल्ली आणि घरोघर महिन्याभराचं औषध पोचवलं. सोबत कुणी न मागता छोटं भाषणही दिलं. आळीनं माझं कौतुक केलं. मी स्वतः तर त्याहून जास्त केलं.

चार दिवसांनी शाळेला निघालो, कधी नव्हे तो वेळेवर. नाना पायरीवर बसले होते. अंगात धुतलेला कोट, शेजारी कातरून ठेवलेल्या चिठ्ठ्या, खळीची वाटी वाळून गेलेली. नजर आळीच्या वळणावर.

"समद्यांची झाडं बरी झाली म्हनं," ते म्हणाले. "चांगलं झालं, मास्तर." एवढंच.

त्या दिवशी वर्गात माझ्यानं पुस्तकही धड वाचवेना. महिन्यातून दोनदा पुरतं हे नानांना ठाऊक नव्हतं का? औषध त्यांचंच होतं. माणसं रोज यावीत म्हणून ते घोटभर द्यायचे, आणि मी दीडशहाण्यानं एका सकाळीत त्यांचा दवाखाना बंद करून टाकला होता. मला माझी फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी रिकामी बाटली घेतली. पुरावा म्हणून एखादं पिवळं पान न्यावं म्हटलं, तर मोगरा कळ्यांनी भरलेला. शेवटी त्यातल्या त्यात बरं नसलेलं एक पान तोडलं. तेही हिरवंगार होतं.

"नाना, मोगऱ्याचं काही खरं नाही."

नानांनी चष्मा चढवला. पान उजेडाकडं धरलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं. मग चष्म्यावरून बराच वेळ माझ्याकडं पाहिलं. खळीच्या वाटीत पाण्याचे चार थेंब टाकून बोटानं कालवत म्हणाले,

"केस अवघड हाय, मास्तर. सकाळ-संध्याकाळ यावं लागंल."