खोट न सापडलेली जीप

वक्कच्चननं जीपभोवती तिसरी फेरी मारली, तरी खोट सापडेना. तेव्हा मात्र तो खरा घाबरला.

त्याच्या हातात लोहचुंबक होतं. पत्र्यातला गंज लपवायला जिथं लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असते तिथं चुंबक चिकटत नाही. पण इथं ते बॉनेटला, दारांना, मडगार्डांना असं चिकटत होतं की ओढून काढावं लागत होतं. जीप चौऱ्याण्णव सालची, फोर-व्हीलचा दांडा लोण्यातून फिरावा तसा फिरत होता आणि गंजाचा ठिपका नाही. केरळातल्या इडुक्कीच्या या ओल्या डोंगरात माणसाला बुरशी यायची तेवढी बाकी असते, मग गाडीला का नाही?

"तीस वर्षांत फक्त सत्तावीस हजार किलोमीटर?" त्यानं आकडा वाचला.

"माझ्या वडिलांची, पैलीची गाडी," मालक ईनाशू म्हणाला. "ते गेल्या वर्षी वारले. मला काही हे जमायचं नाही. म्हणजे ते ही जीप कशासाठी वापरायचे ते आधी तुम्हाला सांगतो—"

"थांबा." वक्कच्चननं हात वर केला. "विकणाऱ्याचं मी ऐकत नाही. मी फक्त बघतो."

ईनाशूनं तोंड मिटलं आणि तो बिचारा पायरीवर जाऊन बसला.

वक्कच्चनचा हा स्वभाव त्याच्या गावाला, आनक्कुळीला, तोंडपाठ होता. तो दुधात बोट बुडवून बघायचा, वेलदोड्याच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा, आणि कुणी विनाकारण हसून नमस्कार केला तर घरी येऊन खिसे चाचपायचा. हेही खपून गेलं असतं. पण त्याची मुलगी बिन्सी एकोणतीस वर्षांची झाली होती आणि तिची तीन स्थळं बापाच्या संशयानं मोडली होती. पहिला मुलगा फार कमी बोलतो म्हणून, दुसरा फार गोड बोलतो म्हणून. तिसऱ्याच्या घरी तर यानं भिंतीवर टकटक करून "ही पोकळ का वाजते?" असं विचारलं होतं.

चौथं स्थळ मुत्तनमलच्या सिबीचं. तो बघून गेल्यापासून बिन्सी स्वयंपाकघरात गुणगुणायला लागली होती. ते ऐकून तिच्या आईनं, एलिक्कुट्टीनं, नवऱ्याला अंगणात बोलावून घेतलं.

"हे स्थळ मोडलं तर मी भावाकडे निघून जाईन," ती म्हणाली. "मग तुमची कॉफी तुम्ही करा आणि स्वतःच्याच हातावर संशय घेत बसा."

"मी काय म्हटलं?"

"म्हणाल. आठ दिवसांत म्हणाल. संशय घ्यायचाच असेल तर एखाद्या वस्तूवर घ्या. माणसांवर नको."

त्याच सुमाराला मुलाच्या बापाचा, लोनप्पनचा, फोन आला. सोयरीक पक्की करायला मुलीकडच्यांनी यायचं, पण घर डोंगरावर, चढ वाईट, तेव्हा जीप पाठवू का? वक्कच्चनला त्यात टोमणा ऐकू आला. आपल्याकडे जीप नाही हे त्या माणसाला कुणी सांगितलं? बायकोला दिलेला शब्द आठवून तो हे मनातच म्हणाला आणि जीप शोधायला बाहेर पडला. अशी ती जीप घरी आली, आणि संशयाला हक्काची वस्तू मिळाली.

दुसऱ्या दिवशी जीप राघवन आशानच्या गॅरेजमध्ये उभी राहिली. आशाननं आसपासच्या तिन्ही तालुक्यांतल्या जीपगाड्यांची पोटं उघडून पाहिली होती. तो दोन तास गाडीखाली होता.

"खोट सापडली?" वक्कच्चननं आशेनं विचारलं.

"नाही. पण नवल आहे." आशान हात पुसत बाहेर आला. "पहिला आणि दुसरा गिअर पार झिजलाय. तिसरा-चौथा कोरा करकरीत. क्लचप्लेट संपलीय. वक्कच्चन अच्चायन, ही जीप जन्मात धावलेली नाही. नुसती रांगलीय."

"का रांगेल?"

"ते मी काय सांगू? ईनाशूला विचारा."

"तो खरं कशाला सांगेल?"

मग एकेक गोष्ट निघत गेली. टपाला चार भोकं होती, रबरी बुचं लावून बंद केलेली. बॅटरी एक, पण जागा दोन बॅटऱ्यांची. ड्रायव्हरची सीट धड, आणि शेजारच्या सीटला मात्र परातीएवढा खळगा. पुढच्या बंपरवर वीतभर लांबीची एक लोखंडी नळी उभी वेल्ड केलेली होती आणि तिचा उपयोग कुणालाच सांगता येईना.

"चंदनचोर," वक्कच्चन हळू आवाजात म्हणाला. "टपावर ओंडके बांधायला भोकं."

"रांगत पळणारा चोर?"

"मग पोलिसांचा खबऱ्या. हळूहळू पाठलाग करणारा. शेजारी कोण बसत असेल?"

"बायको," आशान म्हणाला. त्याला जेवायला जायचं होतं.

पुढच्या तीन आठवड्यांत जीपला नवी क्लचप्लेट, नवे गिअर, नवे ब्रेक लायनर, नव्या सीटा मिळाल्या. टपाची भोकं वेल्ड करून वर पांढरा रंग मारला. नळी कापायला आशाननं यंत्र उचललं, तेवढ्यात वक्कच्चनला काय सुचलं कोण जाणे, त्यानं आपली जुनी काळी छत्री तिच्यात खोचली. छत्री ताठ उभी राहिली.

"छत्रीची नळी," तो म्हणाला. "पैली म्हातारा हुशार होता."

या अख्ख्या जीपमधली ही एकच गोष्ट त्याला उलगडली होती. म्हणून त्याला तिचा फार अभिमान वाटला. छत्रीचं बटण तुटलेलं होतं आणि कापड वाऱ्यावर फडफडायचं, पण तेवढ्याकडे कोण बघतो?

"नवी क्लचप्लेट आहे," आशाननं बजावलं. "पहिले शंभर किलोमीटर बैलगाडीसारखी हाका."

रविवारी चर्चमधला मिस्सा आटोपून मंडळी निघाली. वक्कच्चन, एलिक्कुट्टी आणि तिचा भाऊ कुर्याको, तिघंही कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत. मागच्या सीटवर तळलेल्या गोड अच्चप्पमचा डबा आणि केळ्यांचा घड होता. पुढे काळी छत्री फडफडत होती आणि जीप बैलगाडीच्या चालीनं मुत्तनमलचा चढ चढत होती.

पहिल्याच तिठ्यावर चहाच्या टपरीतली चार माणसं ताडकन उभी राहिली आणि त्यांनी गुडघ्यापर्यंत दुमडलेली लुंगीसारखी मुंडू मान राखायला घोट्यापर्यंत खाली सोडली.

"हे का उठले?" वक्कच्चननं विचारलं.

"पाहुणे आले म्हणून. चांगली माणसं आहेत," एलिक्कुट्टी म्हणाली.

"अनोळखी माणसासाठी कोण मुंडू सोडतं?"

पुढच्या वळणावर किराणावाल्यानं दुकानाचं दार अर्धं ओढून घेतलं. एका म्हातारीनं छातीवर क्रूसाची खूण केली. मग एक माणूस धावत जीपच्या बरोबरीनं आला. जीपची चाल अशी होती की त्याला फार धावावंही लागलं नाही.

"कुठल्या घरी, अच्चायन?"

"पारेक्काट्टिल. लोनप्पनच्या."

"देवा," तो म्हणाला आणि डोक्याचा पंचा काढून जागच्या जागी थांबला.

वक्कच्चनच्या मनात पाल चुकचुकली. "बघितलंस? त्या घराचं नाव काढल्यावर तोंड कसं पडलं त्याचं. त्या घरात काहीतरी आहे."

"माणसांवर नाही, असं ठरलंय आपलं."

"मग जीपमध्ये आहे. चोरीची असणार. लोकांनी ओळखली."

त्यानं आरशात पाहिलं. मागे तीन जीपगाड्या, दोन रिक्षा आणि एक मोटारसायकल रांगेनं येत होत्या.

"कुर्याको, आपण एवढे हळू चाललोय आणि मागून एकही हॉर्न वाजत नाही. आपल्या केरळात हे कधी बघितलंयस?"

कुर्याकोनं मान वळवून पाहिलं. "शेवटच्या जीपमध्ये फादर आहेत."

वक्कच्चनला पळून जावंसं वाटत होतं, पण आशाननं बजावलेलं होतं.

पारेक्काट्टिल घराच्या अंगणात लोनप्पन जरीकाठी मुंडू नेसून हसतमुखानं उभा होता. वळणावर जीप दिसली आणि त्याचं हसू विझलं. जीपच्या नाकावरचं काळं कापड बघून त्याच्या तोंडचं पाणी पळालं. पाहुण्यांकडे पाठ फिरवून तो घरात धावला. त्याची बहीण रोसा त्याच्या मागे धावली.

आतल्या खोलीत लोनप्पनचे वडील, नव्वदीचे औता अप्पच्चन, माश्या बसू नयेत म्हणून तोंडावर पांढरं फडकं ओढून झोपले होते. रोसानं ते फडकं पाहिलं आणि म्हाताऱ्याच्या पायांवर लोळण घेऊन असा हंबरडा फोडला की अंगणातल्या कोंबड्या उडाल्या. तोवर मागची माणसं उतरली. कुणी फाटकाला काळं निशाण बांधलं, कुणी खुर्च्या मांडायला घेतल्या. वक्कच्चन या सगळ्याच्या मधोमध अच्चप्पमचा डबा धरून उभा होता.

"पाय सोड," आतून आवाज आला. "अजून गेलो नाही."

रडणं थांबलं. लोनप्पन बाहेर आला.

"अप्पच्चन जिवंत आहेत. मग ही जीप कशाला आली?"

"सोयरीक पक्की करायला," वक्कच्चन म्हणाला.

"पैलीच्या मयताच्या जीपमधून? काळं निशाण लावून?"

मग अंगणातल्या सगळ्यांनी मिळून त्याला सांगितलं. या डोंगरात कुणी वारलं की पैली ही जीप काढायचा. टपावर कर्णा, बंपरवरच्या नळीत काळं निशाण, शेजारच्या सीटवर माईक घेतलेला जाडा देवस्या. कोण गेलं, कुठल्या घरचं, अंत्यविधी किती वाजता, हे सांगत जीप वाडीवाडीतून पायी चालल्यासारखी फिरायची. तीस वर्षांत ती दुसऱ्या गिअरच्या वर गेली नव्हती.

चार भोकं, दोन बॅटऱ्या, खळगा, गिअर. क्षणभर वक्कच्चनच्या तोंडावर कोडं सुटल्याचं समाधान पसरलं.

"ईनाशूनं सांगितलं नाही?" कुणीतरी विचारलं.

"सांगत होता," वक्कच्चन खाली बघत म्हणाला. "मीच थांबवलं."

एलिक्कुट्टीनं त्याच्याकडे बघितलं. मग तिनं आपल्या भावाकडे बघितलं.

"भरल्या घरी मरण घेऊन आले," रोसा डोळे पुसत म्हणाली. "अशा घरची मुलगी आपल्याला नको, दादा."

एलिक्कुट्टीच्या कानात बिन्सीचं गुणगुणणं वाजायला लागलं आणि तिचे डोळे भरून आले. वक्कच्चनलाही ते दिसलं. डबा खाली ठेवून त्यानं लोनप्पनपुढे हात जोडले. हे त्यानं यापूर्वी फक्त चर्चमध्ये केलं होतं.

"चूक माझी आहे. मी कुणाचं ऐकून घेत नाही. माझी मुलगी तशी नाही, ती माणसांवर विश्वास ठेवते. मला हवं ते बोला. तिला नाही म्हणू नका."

लोनप्पन काही बोलणार एवढ्यात आतून हुकूम आला. "मला बाहेर न्या."

दोघांनी अप्पच्चनना खुर्चीत बसवून व्हरांड्यात आणलं. म्हाताऱ्यानं डोळ्यांवर हात धरून अंगण नीट पाहून घेतलं.

"ही एवढी माणसं कुणासाठी?"

"तुमच्यासाठी, अप्पच्चन."

"दोन वर्षं पडून आहे. एकजण फिरकला नाही. तो मागं लपलेला चांडी ना? आणि फादर, तुम्हीसुद्धा?" फादरनी मान खाली घातली. म्हाताऱ्याचा चेहरा मात्र खुलला होता. "मेल्यावर आला असतात तर मला काय दिसणार होतं? ज्यानं मी जिवंत असताना तुम्हाला माझ्या अंगणात आणलं तो माणूस मला सोयरा म्हणून चालेल. रोसा, गप्प बस. लोनप्पन, पक्कं कर. फादर, आलाच आहात तर तारीख सांगून टाका. आणि यांना मयताची काळी कॉफी देऊ नका. जेवायला वाढा."

म्हाताऱ्याच्या शब्दाबाहेर त्या घरात कुणी नव्हतं. पिडीचे तांदळाचे गोळे आणि कोंबडीचं कालवण पाहुण्यांपुरतंच होतं, म्हणून शेजारून तीन घरची भांडी आली. तारीख ठरली. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की नवरामुलगा कुठं दिसत नाही.

तो जीपखाली होता. बाहेर फक्त पाय दिसत होते. वक्कच्चन वाकला. सिबीच्या एका हातात टॉर्च आणि दुसऱ्या हातात लोहचुंबक होतं.

"सगळीकडे चिकटतंय," सिबी काळजीनं म्हणाला. "मला काही हे बरं दिसत नाही."

वक्कच्चननं मुंडू दुमडलं आणि तोही जीपखाली शिरला. दोघं तासाभरानं बाहेर आले.

परतताना छत्री एलिक्कुट्टीच्या मांडीवर, चांगली सुतळीनं आवळलेली होती. उतारावर तिनं विचारलं, "मग? मुलगा कसा वाटला?"

"सोनं आहे."

"काही खोट?"

"काही नाही. डोळे झाकून मुलगी द्यावी असा."

एकतीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या तोंडून हे वाक्य एलिक्कुट्टीनं कधीच ऐकलं नव्हतं. तिनं वळून त्या डोंगरावरच्या घराकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या समाधानी चेहऱ्याकडे पाहिलं.

"जीप थांबवा जरा," ती म्हणाली. "त्या मुलाची आपण नीट चौकशी केलीय ना?"