चौकशीआधी सॉफ्टवेअर

आमच्या रंगाच्या कारखान्यात एका बाईनं तक्रार केली, यात विशेष काही नव्हतं. तिनं ती लेखी केली, ही पंचाईत झाली. तोंडी तक्रारींची आमच्याकडे उत्तम सोय होती. मनुष्यबळ विभागाच्या मॅडम दार लोटून ऐकून घेत, प्यायला पाणी देत आणि "जाऊ दे गं, त्यांचा स्वभावच तसा आहे" म्हणून प्रकरण मिटवत. कागदाला पाणी देऊन भागत नाही.

तक्रार करणारी प्रयोगशाळेत रंगाच्या शेड जुळवायची, म्हणून सगळे तिला शेडताई म्हणत. तक्रार होती प्रयोगशाळेच्या प्रमुखांविरुद्ध. ते हाताखालच्या प्रत्येक मुलीला 'बाळ' म्हणत, म्हणून कारखाना त्यांना काका म्हणायचा. काका बाळांच्या खांद्यावर हात ठेवून शेड तपासत, आणि शेड तपासून झाली तरी हात काढायचं विसरत. शेडताईनं एकदा तो हात उचलून सरळ टेबलावर ठेवला. दुसऱ्या दिवसापासून तिला थिनर ठेवायच्या खोलीत काम दिलं गेलं. त्या खोलीला एकच दार आहे आणि ते काकांच्या केबिनमधून उघडतं. त्यात शेडताई कंत्राटी. वर्ष संपलं की नवं कंत्राट मिळणार की नाही, हे काकांच्या शिफारशीवर. म्हणजे चौकशी वर्ष संपायच्या आत व्हायला हवी होती, एवढं साधं गणित होतं.

मोठ्या साहेबांनी अर्ज वाचला आणि ते गंभीर झाले. "चौकशी झालीच पाहिजे," ते म्हणाले. "पण आधुनिक पद्धतीनं." मी नवी वही काढली. साहेब आधुनिक म्हणाले की समिती येते, आणि समिती आली की टिपणं मला काढावी लागतात. झालंही तसंच. चौकशी निःपक्षपाती व्हावी म्हणून माणसांवर विसंबायचं नाही, चौकशी हाताळणारं सॉफ्टवेअर घ्यायचं, आणि ते निवडायला समिती नेमायची, असं ठरलं. समितीत मॅडम, हिशेबनीस, संगणक विभागाचे प्रमुख आणि काका.

"ते समितीत कसे?" शेडताईनं मला जिन्यात गाठून विचारलं.

"अहो, ही सॉफ्टवेअर निवडायची समिती आहे, चौकशीची नाही. वापरणाऱ्यांचा प्रतिनिधी लागतो. या विषयाचा काकांइतका अनुभव कुणाला आहे?"

"मग चौकशीची समिती कुठंय?"

"ती सॉफ्टवेअर आल्यावर सॉफ्टवेअरच सुचवणार."

मी जिना उतरू लागलो. मला घाई होती, बैठकीची बिस्किटं यायची होती.

विक्रेते आले. प्रत्येकाला प्रात्यक्षिकासाठी नमुन्याची तक्रार हवी होती. खोटी तक्रार कोण लिहीत बसणार? मॅडमनी शेडताईचीच पुढे केली. तुलना न्याय्य व्हावी म्हणून सगळ्या विक्रेत्यांना तीच द्यायची, आणि तक्रारदारानं दर वेळी समोर बसून ती सांगायची, असंही ठरलं. न्यायाच्या बाबतीत आमची समिती फार काटेकोर होती. शेडताई टेबलाच्या या टोकाला, काका त्या टोकाला, मध्ये बिस्किटं.

पहिल्या सॉफ्टवेअरनं विचारलं, तक्रारीचा प्रकार कोणता? पर्याय होते चोरी, उशीर, यंत्राची नासधूस आणि इतर. 'इतर' दाबलं. मग त्यानं विचारलं, नुकसान किती? आकडा घातल्याशिवाय गाडी पुढे जाईना. शेडताई म्हणाली, "आकडा कसा सांगू?" हिशेबनीस म्हणाले, "शून्य टाका, पुढे बघू." शून्य टाकलं. सॉफ्टवेअरनं प्रकरण किरकोळ ठरवलं. पडदा मात्र देखणा होता.

दुसरं जास्त हुशार होतं. ते माणसाचं बोलणं ऐकून आधीच्या जबाबाशी ताडून बघायचं. मागच्या वेळी शेडताई 'जेवणानंतर' म्हणाली होती, आता 'दुपारी' म्हणाली. पडद्यावर लाल पट्टी आली: जबाबात विसंगती. संगणक विभागाच्या प्रमुखांनी कौतुकानं मान हलवली. काका समजुतीच्या स्वरात म्हणाले, "गोंधळली असेल बिचारी. बाळ, घाबरू नकोस, सावकाश सांग." शेडताईचे ओठ थरथरले. विक्रेता खूश झाला, कारण त्याचं यंत्र थरथरसुद्धा टिपायचं.

तिसरं दोन्हीकडच्या माणसांचा इतिहास तपासायचं. काकांविरुद्ध आजवर एकही लेखी तक्रार नाही, त्यामुळे काका अत्यंत विश्वासार्ह निघाले.

"याआधी आम्ही चौघीजणी मॅडमकडे जाऊन आलोय," शेडताई म्हणाली.

मॅडम चहात साखर आहे का ते बघू लागल्या. विक्रेता अदबीनं म्हणाला, "ताई, तोंडी माहिती प्रणालीत घेता येत नाही." त्याचंही बरोबरच होतं.

एवढं झाल्यावर एखादं निवडून मोकळं व्हावं की नाही? छे. सॉफ्टवेअर फोनवर चालेल का, यावर बैठक झाली. गोपनीयतेवर झाली. गोपनीयता समितीला इतकी आवडली की तक्रार कुणालाच दिसू नये, अशी सोय होईल का, असं तिन्ही विक्रेत्यांना विचारलं गेलं. पडद्याचा रंग कोणता असावा, यावर तर लागोपाठ बैठका. शेवटी जाणकार म्हणून काकांचा सल्ला घेतला. त्यांनी फिकट हिरवा सुचवला, डोळ्यांना शांत वाटतो म्हणून. शेडताई तेवढे दिवस रोज त्यांच्या केबिनमधून थिनरच्या खोलीत जात होती आणि त्यांच्याच केबिनमधून परत येत होती.

एकदा फोन आला. "मी तिची सासू बोलतेय. काय हो, चौकशीचं कुठवर आलं?"

"निवड चालू आहे, मावशी."

"कसली निवड?"

"सॉफ्टवेअरची."

"अहो, त्या मेल्याला समोर बसवून विचारायचं, तू असं केलंस का रे. त्याला काय घ्यावं लागतं विकत?"

"तसं विचारलं तर त्याची नोंद कुठं होणार?"

"आमची सून घरी येऊन दोन घास धड खात नाही. त्याची नोंद कुठं होते?" असं म्हणून त्यांनी फोन आपटला.

मी हे वर कळवलं. वरून सूचना आली की हा 'संबंधितांचा अभिप्राय' म्हणून टिपणात घ्यावा आणि सासूबाईंना समितीतर्फे आभाराचं पत्र जावं. ते गेलं.

वर्ष संपलं. शिफारशी लिहायची वेळ आली तेव्हा काकांनी मोठेपणा दाखवला. आपल्याविरुद्ध तक्रार असलेल्या व्यक्तीबद्दल मत देणं नैतिकतेला धरून नाही, असं म्हणून त्यांनी शेडताईची शिफारस कोरी ठेवली. मोठ्या साहेबांनी भर बैठकीत त्यांचं अभिनंदन केलं. आणि कोऱ्या शिफारशीवर कंत्राट देता येत नाही, हा नियम आहे.

सॉफ्टवेअर त्यानंतर लगेचच आलं. आता कुठलं निवडलं ते विचारू नका, तिन्ही मिळून एक करून घेतलं. पहिलंच प्रकरण शेडताईचं घातलं. यंत्रानं तिचा कर्मचारी क्रमांक मागितला, तो बंद झालेला होता. फिकट हिरव्या पडद्यावर उत्तर आलं: तक्रारदार आढळला नाही, प्रकरण निकाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खरं सांगतो, माझेही हात वाजले.

शेडताई तिचा अ‍ॅप्रन जमा करायला आली तेव्हा फाटकाशी मीच होतो. धुऊन, इस्त्री करून आणला होता तिनं. तो हातात देत म्हणाली, "एकच सांगा. मी तीनदा सांगितलं. काकांना कुणी एकदा तरी काही विचारलं का?"

"विचारलं की," मी पटकन म्हणालो. मग आठवून बघितलं. विचारलं होतं ते पडद्याच्या रंगाचं.

ती गेली. लोक हा किस्सा माझ्याकडून ऐकतात, हळहळतात, काकांना चार शिव्या घालतात. आणि जरा वेळानं, न चुकता, खुर्ची पुढे ओढून विचारतात, "पण काय हो, त्यातल्या त्यात बरं कुठलं होतं? ते दुसरं वाईट वाटत नाही." तुमच्याही मनात एव्हाना एक ठरलं असेल. कळवा तसं. समितीत एक जागा रिकामी आहे.