पहिल्या शनिवारची माफी

दळणाचे डबे ओळीनं लागलेत, गिरणी धडधडतीय, माझ्या भुवयांपर्यंत पीठ बसलंय, आणि अशा वेळी एक पोरगा चपला बाहेर काढून आत येतो, हात जोडतो आणि ओरडून सांगतो, "काकू, मी तुमाला माफ केलं!"

ओरडूनच सांगावं लागतं. गिरणीत हळू बोललेलं कुणाला ऐकू जात नाही. त्यामुळं झालं काय, की डबे घेऊन बसलेल्या सात बायकांनाही कळलं की मी काहीतरी केलेलं आहे. सातही जणी सावरून बसल्या. मी गिरणी बंद केली.

"कशाचं रे माफ केलंस?"

"मंगळवारी तुमी म्हणलात, माझ्या दुकानातला कचरा तुमच्या दारात येतो. तो वाऱ्यानं आलता. मला लई राग आलता. चार दिवस मनात धरून हुतो. आज सोडला."

"तुला राग आला होता हे मला कुठं ठाऊक होतं?"

"म्हणून तर सांगायला आलो," असं म्हणून तो चपला घालून गेलासुद्धा.

आता मला सांगा, याला काय म्हणायचं? त्या दिवशी माझ्या डोक्यात जी सणक गेली ती रात्री निजेपर्यंत उतरली नाही. बरं, भांडायला जावं तर त्यानं माफ करून टाकलेलं. माफ करून बसलेल्या माणसाशी भांडण सुरू तरी कुठून करायचं?

हा रूबेन. वय पंचवीस. घाटनांदूरला माझ्या गिरणीला लागून त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी आणून तो त्यात नवी तार भरतो. तार गुंडाळताना वेढे मोठ्यानं मोजतो, ते मला भिंतीतून ऐकू येतात. घरात एकटा. तो ख्रिश्चन. त्यांच्यात महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षाच्या रसाचा घोट, सगळ्यांनी मिळून घ्यायचा. पण त्याआधी मन साफ पाहिजे. कुणी आपल्यावर रुसलेलं असेल, आपण कुणावर रुसलेलो असू, तर ते मिटवायचं आणि मग देवापुढं बसायचं. म्हणून हा आदल्या शनिवारी गावभर फिरतो.

"मनात खडा नको, काकू," हे त्याचं पालुपद. दहा वाक्यांत एकदा येणारच.

माफ करतो तेवढं एक वेळ सोसलं असतं. हा माफी मागतो पण! एकदा स्टेशनजवळच्या हॉटेलात गावातले एक पुढारी चहा पीत बसले होते. नाव सांगत नाही, मला याच गावात राहायचंय. भोवती त्यांचीच दहा-अकरा माणसं. रूबेन गेला, हात जोडले. "भाऊ, माफ करा. सोमवारी तुमचा ट्रॅक्टर बघून मी तुमाला मनात मुरूमचोर म्हणलो."

भाऊंनी कप खाली ठेवला.

"मनात म्हणलास ना रे? मग इथं कशाला सांगतोस?"

"मनातलंच तर काढायचं असतंय, भाऊ."

भाऊंची पंचाईत बघा. माफ केलं, तर मुरूम चोरला हे कबूल. नाही केलं, तर एवढ्या माणसांत हलकट ठरतात. शेवटी ते चहा अर्धा टाकून उठून गेले. दुसऱ्या दिवसापासून गावातली लेकरंसुद्धा त्यांना मुरूमभाऊ म्हणायला लागली. आणि हा शहाणा मला विचारतो, "काकू, त्यांनी माफ केलं असंल का?"

दुसरं सांगते. एका शेतकऱ्याची मोटर भरून दिली. मोटर चालू, पाणी जोरात, कांदा भिजतोय, माणूस खूश. आठ दिवसांनी हा विहिरीवर हजर. का? तर एका कॉइलमधे तीन वेढे कमी भरलेत अशी त्याला शंका आली. "चालतीय की मोटर!" शेतकरी म्हणतोय. "चालतीय, पण मला चैन न्हाई," हा म्हणतोय. ऐन पाण्याच्या पाळीत त्यानं मोटर काढायला घेतली. शेतकऱ्यानं खोऱ्या घेऊन त्याला बांधापर्यंत पळवला. तर पळता पळता हा पठ्ठ्या त्याला माफ करत होता.

मला राग येतो तो याचाच. चांगुलपणा करावा माणसानं, पण घरच्या घरी करावा. दुसऱ्याच्या अंगावर कशाला आणून ओतायचा?

गेल्या महिन्यात, पहिल्या रविवारी सकाळीच, माझ्या गिरणीची मोटर जळाली. लग्नाचे गहू येऊन पडलेले, नवरीचा बाप डोक्यावर उभा. मी तडक चर्चमधे गेले. चर्च म्हणजे पत्र्याची लांब खोली. म्हटलं, बखोटीला धरून आणते. पण आत प्रार्थना चाललेली. मी लिंगायताची बाई, गळ्यात लिंग, तरी देव तो देवच. मागच्या सतरंजीवर गुपचूप बसले.

भाकरीच्या तुकड्यांचं ताट फिरत आलं. म्हाताऱ्यांनी घेतलं, सुनांनी घेतलं. ताट रूबेनकडं आलं. त्यानं ते दोन्ही हातांत धरलं आणि पुढच्याला दिलं. घेतलं नाही. मग पेल्यांचं ताट आलं, तेही तसंच पुढं. आणि कुणी त्याच्याकडं बघितलंही नाही. सगळ्यांना सवयीचं झालेलं. मला त्याच क्षणी इतका राग आला की गव्हाची आठवण राहिली नाही.

मोटर खोलायला तो गिरणीत बसला तेव्हा मी विचारलं, "तू का घेतलं न्हाईस?"

"मला चालत न्हाई."

"का? शुगर हाय का?"

"न्हाई, काकू. शिमोनदादा रुसलाय."

मग हळूहळू एकेक बाहेर आलं. चार वर्षांपूर्वी, नाताळच्या दोन दिवस आधी, त्याची आई सकाळी गेली. थोरला भाऊ शिमोन ऊसतोडीला तिकडं कोल्हापूरकडं. निरोप गेला, पण मुकादमानं त्याला दुपारपर्यंत सोडलं नाही. "मी येतोय, थांबा," असे त्याचे फोनवर फोन. इकडं चर्चच्या पाळकसाहेबांना संध्याकाळी तीन गावांत नाताळचे कार्यक्रम. ते म्हणाले, चारपर्यंत उरकू. एकवीस वर्षांचं पोरगं, गोंधळलं. हो म्हणालं. शिमोन सहाला पोचला तेव्हा माती ओली होती. त्यानं हातांनी उकरायला घेतलं. चार जणांनी त्याला ओढून काढलं, त्यात एक हात रूबेनचा.

"आईचं तोंड बघू दिलं न्हाईस, एवढंच म्हणला. तवापासून बोलला न्हाई. तो बोलंल तवा मी भाकर घेईन."

"आणि त्या पाळकाला थोडी कळ काढवली नाही? दोन तास?"

"त्यांना मी माफ केलं, काकू."

"तू केलं असशील! मी केलं न्हाई!" मी हातातला डबा आपटला. "आणि तू काय करतोस मग?"

"हंगाम संपून दादा गावी आला की पहिल्या शनिवारी सकाळी जातो. लिंबागणेशजवळ त्याची वस्ती हाय. पुढं उभा राहून चुकलो म्हणतो. तो उठून आत जातो." स्क्रू फिरवता फिरवता तो म्हणाला, "तिथं जमत न्हाई, काकू. मग संध्याकाळी इथं येऊन सगळ्यांना भेटत बसतो."

मी डबे पुसायला घेतले. मला रडू यायला लागलं की मी कुणावर तरी ओरडते, आणि तिथं ओरडायला तो एकटाच होता.

पुढच्या पहिल्या शनिवारी मी गिरणीला कुलूप लावलं आणि त्याच्याबरोबर निघाले. अंबाजोगाईला गाडी बदलली, मांजरसुंब्याला बदलली. दुपारी बाराच्या उन्हात वस्तीवर पोचलो. शिमोन लिंबाखाली बसून बैलाचं दावं वळत होता. दांडगा माणूस, भावासारखंच नाक. रूबेननं चपला काढल्या, हात जोडले.

"दादा, चुकलो. माफ कर."

शिमोननं दावं गुंडाळलं आणि उठला.

"बस खाली!" मी ओरडले. तीस वर्षं गिरणीत ओरडून माझा आवाज असा झालाय की बैलानंही मान वर केली. शिमोन खाली बसला. ही कोण बाई, हेही त्यानं विचारलं नाही.

त्याला झापायचं म्हणूनच मी एवढ्या लांब आले होते. गाडीत सगळं ठरवून ठेवलं होतं. पण त्याचं तोंड बघितलं आणि मी वळले ते रूबेनकडं.

"माफी माफी काय लावलंय रे मुडद्या चार वर्षं? माफी घेऊन तो काय करील? त्या साथीच्या वर्षी माझ्या मालकांना दवाखान्यातनं परस्पर नेलं. प्लास्टिकमधे गुंडाळून. सगळे येऊन मला म्हणाले, माफ करा, आमचा इलाज नव्हता. एकानं, एका माणसानं तरी सांगायचं होतं की शेवटी कसे दिसत होते ते! दाढी वाढली होती का, डोळे मिटले होते का. मी अजून विचार करते. तू तिचं तोंड बघितलंस, यानं न्हाई. सांग की त्याला!"

रूबेनचे हात अजून जोडलेलेच होते.

शिमोननं जमिनीकडं बघत विचारलं, "कशी दिसत व्हती?"

"हात सोड आधी," मी रूबेनला म्हणाले.

"झोपल्यावाणी," रूबेन म्हणाला. "डावा डोळा जरा उघडा राहिलता. मी मिटवला. केस विंचरले. तू कारखान्यावरनं आणलेलं निळं लुगडं नेसवलं."

"हिरव्या काठाचं? ते तर तिनं कधी नेसलंच न्हवतं."

"घडी मोडली न्हवती. जपून ठेवलतं."

"तोंड वाकडं न्हवतं ना झालं?"

"न्हाई, दादा. हसल्यासारखं हुतं."

शिमोननं डोळ्यांवर दाव्याचा पिळा दाबून धरला. मग म्हणाला, "काय बोलली का?"

"पहाटं बोलली. म्हणली, शिमोन थकून येईल. त्याला आधी जेवू घाल, मग सांग."

चार वर्षं! चार वर्षं हे वाक्य पोटात ठेवून हा शहाणा चुकलो चुकलो करत उन्हात उभा राहत होता. आधी माफी, मग बाकीचं, असं त्याचं आपलं. दोन थोबाडीत द्याव्या असं वाटलं मला, आणि त्याचं डोकं पोटाशी धरावं असंही वाटलं. दोन्हीतलं काहीच केलं नाही. पदरानं नाक पुसलं.

शिमोनच्या बायकोनं आतून दोन ताटं आणली. भाकरी, पिठलं, कांदा. एक नवऱ्यापुढं ठेवलं, एक दिरापुढं. शिमोननं रूबेनचं ताट उचललं आणि तिच्या हातात परत दिलं. "हे आत ने."

माझं डोकं सणकलं. एवढं ऐकून याला पाझर नाही? मी उठलेच, म्हटलं आता याला सोडत नाही.

तेवढ्यात शिमोननं आपलं ताट दोघांच्या मधे सरकवलं, रूबेनचं मनगट धरून त्याला शेजारी बसवलं आणि म्हणाला, "जेव."