कॉइलचा निरोप समारंभ

गीझरच्या कॉइलने निवृत्तीचा अर्ज दिला तेव्हा विनायकराव टिपरे अंगाला तेल लावून बाथरूममध्ये उभे होते. अर्ज रीतसर होता. एकोणीस वर्षांची सेवा, साताऱ्यातल्या बोअरच्या पाण्याने अंगावर चढलेला क्षार आणि हल्ली येणारा थकवा, एवढी कारणे दिली होती. विनायकरावांची उभी हयात जिल्हा परिषदेत गेलेली. त्यांनाही अर्जात खोट काढता आली नाही. अडचण वेगळीच होती. दुसऱ्या दिवशी त्यांची लेक केतकी दोन महिन्यांची नात घेऊन पहिल्यांदाच घरी येणार होती. तिची आई हयात नाही, म्हणून बाळंतपण सासरी झालेले. गॅसवर पाणी तापवता आले असते, पण माहेरी आलेल्या लेकीने पातेली उचलावीत हे त्यांच्या मनाला पटेना.

मुबारक मिस्त्रींनी नवी कॉइल आणली, मेन स्विच बंद केला, टाकी रिकामी केली आणि बोल्टला हात न लावताच खाली उतरले.

“काका, निरोप समारंभ कधी ठेवलाय?”

“तो उरकू नंतर. आधी बदलून टाक.”

“तसं नाही चालत. बळंच काढली तर ती नवीला कामाचा चार्ज देत नाही, आन् चार्ज मिळाल्याबिगर नवी तापत नाही. गोडोलीत एकांनी घाई केली. अजून गार पाण्यानं अंघोळ करत्यात.”

समारंभ बाथरूममध्येच ठेवावा लागला. स्टुलावर शाल आणि नारळ आला. नवी कॉइल खोक्यातून ऐकत होती. निरोपाच्या भाषणात विनायकरावांचा हातखंडा होता. कपाटातला घडी पडलेला कागद काढून त्यांनी घसा साफ केला.

“त्यांच्या जाण्याने निर्माण झालेली पोकळी कधीही भरून येणार नाही. पाटोळे भाऊसाहेबांचे उर्वरित आयुष्य...”

“हे भाषण पाटोळ्यांचं आहे,” कॉइल म्हणाली.

“नाव तेवढं बदलतो.”

“आणि पोकळी भरायला ती खोक्यात येऊन बसली आहे. मी चार्ज देणार नाही.”

विनायकराव नारळ मांडीवर घेऊन स्टुलावर बसले. उद्या केतकी नळाखाली हात धरून उभी राहील, हेच त्यांच्या डोळ्यांपुढे येत होते. मग कागद खिशात घालून ते म्हणाले, “कुमुद गेली त्या वर्षी मी रोज सकाळी कडी लावून, नळ सोडून इथं बसायचो. बाहेर केतकी असायची. तिला माझं रडणं ऐकू जाऊ नये म्हणून. बादली भरून वाहायची. टाकी पंधरा लिटरची, तरी तासाभराने पाणी गरमच. कसं काय, ते मी कधी विचारलं नाही.”

“नियमात बसत नव्हतं,” कॉइल म्हणाली. “पण करत होते.”

विनायकरावांना भडभडून आले, आणि मुबारकसमोर आले याची लाजही वाटली नाही.

मुबारक मिस्त्रींनी बोल्ट सैल केले, कॉइल बाहेर काढून तिच्यावर शाल पांघरली, नवा गॅस्केट लावून नवी कॉइल बसवली. चार्ज रिपोर्टच्या दोन प्रती झाल्या.

दुसऱ्या दिवशी केतकी बाळाला न्हाऊ घालत होती. बाळ रडले नाही. विनायकराव बाहेर बसून आपल्याकडची प्रत वाचत होते.

“केतकी: कडकडीत. घाईत असते. बाळ: कोमट. आधी आजोबांना हात बुडवू द्यावा. विनायकराव: नळ तासभर चालू राहिला तरी पाणी गार होऊ देऊ नये. कारण विचारू नये.”

खाली नव्या कॉइलची सही होती. सहीशेजारी तिने ‘वाचले’ असे लिहिले होते.