एकशे अकरावर बंद पडणारी मशीन

भारताचा स्कोर एकशे अकरा झाला, की अंजनगाव सुर्जीत रशीदचाचांची शिलाई मशीन बंद पडायची.

चाचा आमचे शेजारी. धंद्यानं टेलर. मशीनशेजारी रेडिओ कायम चालू. एकशे अकरा कानावर पडलं, की त्यांचे दोन्ही पाय पायडलवरून वर. पुढची धाव निघेपर्यंत अधांतरी.

"मास्तर, आकडा लिहून पाहा," ते मला म्हणत. "तीन दांड्या उभ्या, वरती गिल्ल्या नाही. म्हनजे आउटच नं?"

एकदा एक नवरदेव कोटासाठी येऊन बसला होता. नेमका एकशे अकरावर खेळाडूंनी पाणी प्यायला खेळ थांबवला. नवरदेव घड्याळ बघतोय, चाचांचे पाय हवेत. "चाचा, वरात निघाची हाये!"

"निघन बाप्पा. पह्यले एक रन तं निघू दे."

मला मोठं कुतूहल. "चाचा, सामना कलकत्त्यात. तिथे तुमच्या पायांचं काय चालणार?"

"तिथला आवाज इथं येते, तं इथली दुवा तिथं काहून नाही जानार?"

तरीही विकेट पडलीच, तर ते दुकानभर संशयानं बघत. "कोनीतरी पाय टेकवला." बहुतेक वेळा नजर माझ्यावर थांबे.

त्या वर्षांत कापूस सारखा बुडत होता. गावाबाहेरची कापसाची जिनिंग गिरणी बंद पडली. समोरच्या घरातले दिगंबरभाऊ जन्मभर तिथं कापूस मोजत आलेले. त्यांनी घराबाहेर पडणंच सोडलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे, वहिनींशीही बोलायचे नाहीत. लोक जायचे, समजावायचे, परत यायचे.

चाचांनी समजावलं नाही. एका संध्याकाळी ते रेडिओ घेऊन त्यांच्या दारात उभे राहिले. "दिगंबर, एकशे अकरा झाले! माया एकट्याच्यानं होऊन नाही राहिलं. ऊठ!"

पुढच्या सामन्याला चाचा पुन्हा हजर. त्याच्या पुढच्यालाही. शेवटी एकदा दिगंबरभाऊ वैतागून ओट्यावर आले आणि खांब धरून एक पाय वर करून उभे राहिले.

"झाला काय रन?"

"थांब नं जरासाक!"

मी घरी तेच धावतं वर्णन ऐकत होतो. रस्ता ओलांडून चाचांच्या कानाशी लागलो, "चाचा, एकशे छत्तीस झालेत. स्कोर कधीच पुढे गेला."

चाचांनी रेडिओचा आवाज बारीक केला. "मले मालूम हाये मास्तर. त्याले जरा बाहेर राहू द्या."

मग मोठ्यानं म्हणाले, "निघाला रन! टेकव पाय!"

दिगंबरभाऊ आत गेले नाहीत. ओट्यावरच बसले. वहिनी लगबगीनं चहा घेऊन आल्या. कप रिकामा करून दिगंबरभाऊंनी विचारलं, "रशीद, उद्या कोनाची म्याच हाये?"

उद्या कोणाचाच सामना नव्हता.

माझ्याकडे न बघता चाचा म्हणाले, "हाये नं. दुकानातच ये. चहा घिऊ."