सासरे विहिरीत

गौरीशंकरच्या पहिल्यावहिल्या कादंबरीत जावई सासऱ्याला मारून विहिरीत टाकतो. पुण्याच्या प्रकाशनाला ही कल्पना आवडली होती, पण संपादक दीपालीबाईंचं त्या विहिरीपाशीच अडलं.

"शेजारच्या शेतात बाई गवत कापत असते आणि तिला आवाजच जात नाही?" त्या फोनवर म्हणाल्या. "पटत नाही हो. तुम्ही कधी माणसाएवढं जड काही विहिरीत टाकून बघितलंय?"

"नाही."

"मग बघा. नव्या लेखकांना मी हेच सांगते. आधी स्वतः करून बघा, मग लिहा."

गौरीशंकरचं नळदुर्गात बी-बियाणांचं आणि खतांचं दुकान होतं. गिऱ्हाईक नसेल तेव्हा पोत्यांच्या थप्पीआड बसून त्यानं ही कादंबरी पुरी केली होती. एवढ्यावर ती अडावी हे त्याला सोसवेना. त्यानं एका पोत्यात वाळू भरली, दुसऱ्यात कडबा कोंबला, दोन्ही एकमेकांना शिवली आणि माणसाच्या मापाचा एक ऐवज तयार केला. पण उघडं पोतं पडल्याचा आवाज वेगळा, कपड्यातल्या माणसाचा वेगळा. नशिबानं कपडे घरातच होते. सासरे वीरप्पा लेकीकडं मुक्कामाला येऊन त्याच सकाळी तामलवाडीला परत निघाले होते आणि मळलेला कोट व तांबडा रुमाल धुवायला ठेवून गेले होते.

वीरप्पा म्हणजे कडक माणूस. मुक्कामात ते रोज दुकानात येऊन बसत आणि जावयाच्या हातात कागद दिसला की म्हणत, "जावईबापू, खून मागनं करा. तुरीचं बी संपलंय, ते मागवा आधी." कादंबरीतला सासरा कुणावरून सुचला हे गौरीशंकरनं कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोला, गायत्रीला, तर त्यानं एका सावकाराचा खून आहे असंच सांगून ठेवलं होतं.

गायत्री शेजारी गेल्याचं बघून त्यानं पोत्याला कोट चढवला, डोक्याला रुमाल गुंडाळला आणि मोटारसायकलवर मागं बसवून स्वतःच्या कमरेला उपरण्यानं बांधलं. रस्त्यात दोघातिघांनी हाक मारली, "काय वीरप्पा, निघाला व्हय?" मागून उत्तर आलं नाही. कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही. वीरप्पा एरवीही कुणाला उत्तर देत नसत.

शेतातल्या विहिरीवर आल्यावर गौरीशंकरला वाटलं, करतोच आहोत तर पुरतं करावं. कादंबरीतलं वाक्यही म्हणून बघावं. त्यानं पोतं काठावर उभं केलं आणि दात खाऊन म्हणाला, "लई छळलंत मामा. आता सांगा तुरीच्या बियाचं!" आणि दिलं ढकलून.

केवढा तरी आवाज झाला. शेजारच्या शेतात गवत कापणारी दगडाबाई विळा घेऊन ताडकन उभी राहिली. दीपालीबाईंचं बरोबर होतं. आवाज जात होता.

"कुणाला ढकललंस रं?"

"कुणाला न्हाय मावशी. पोतं हाय."

दगडाबाई काठावर आली. वाळूचं पोतं तळाशी गेलं होतं, पण रुमाल सुटून पाण्यावर पसरला होता.

"पोतं रुमाल बांधतंय व्हय?" असं म्हणून तिनं जी आरोळी ठोकली, ती थेट हमरस्त्यावर पोचली. "धावा रं! गौरीशंकरनं सासऱ्याला हिरीत घातलं!"

बघता बघता बांधावर गर्दी झाली. गौरीशंकर कादंबरीचं सांगायला लागला की लोक दोन पावलं मागं सरायचे. ज्यांनी वाटेत वीरप्पाला हाक मारली होती ते म्हणाले, "आमी सवता बघितलं, मागं बसलं होतं म्हातारं. कमरेला बांधून आणलं होतं." हवालदार युवराज आले, आणि त्यांच्या मागून गायत्री अनवाणी धावत आली. तिनं पाण्यावरचा रुमाल ओळखला आणि मटकन खाली बसली. तिचं ते तोंड बघून गौरीशंकरला कळलं की आपण काय करून बसलो.

गळ टाकून पोतं वर ओढलं. आधी कोट दिसला. गायत्रीनं डोळे मिटून घेतले. मग शिवण उसवली आणि कडबा बाहेर पडला.

"बघा!" गौरीशंकर ओरडला. "म्या काय सांगत होतो!"

सगळ्यांनी श्वास सोडला. एकट्या दगडाबाईनं सोडला नाही. "ही तर नक्कल झाली," ती म्हणाली. "अस्सल कुठाय?"

हवालदारांनाही ते पटलं. वीरप्पांना फोन लावला, बंद. गायत्रीनं तामलवाडीला भावाला लावला. "अप्पा अजून आलेच न्हाईत," तो म्हणाला. "सकाळीच निघाले ना?"

आता मात्र गौरीशंकर स्वतःच हमरस्त्याकडं बघायला लागला. मामा खरंच गेले कुठं? उन्हात चक्कर येऊन कुठं पडले तर नसतील? दुकानातली त्यांची कटकट त्याला एकाएकी गोड वाटायला लागली.

"गौरीशेठ," युवराज हवालदार शांतपणे म्हणाले, "तुमच्या त्या कादंबरीत खून होतोय कुणाचा?"

गौरीशंकरनं गायत्रीकडं बघितलं. मग जमिनीकडं बघितलं.

"सासऱ्याचा."

"सावकाराचा म्हणला होता तुमी!" गायत्री किंचाळली. "आन् मी चार बायकांत कौतुक सांगत फिरले!"

हवालदारांनी त्याच्या दंडाला धरलं. तेवढ्यात बांधापाशी एक रिक्षा थांबली आणि तीतून काठी टेकत वीरप्पा उतरले.

"काय तमाशा हाय?" ते गरजले. "रिक्षावाला म्हणतोय, नळदुर्गात जावयानं वीरप्पाला मारलं. म्हणलं, बघून तरी यावं."

गायत्री त्यांच्या गळ्यात पडून रडायला लागली. गौरीशंकर पुढं झाला आणि कुणी न सांगता त्यानं सासऱ्यांच्या पायावर डोकं ठेवलं. लग्नानंतर हे पहिल्यांदाच घडत होतं.

"पर अप्पा, सकाळधरनं होता कुठं? फोन का बंद?" गायत्रीनं डोळे पुसत विचारलं.

वीरप्पांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. वर बघताना गौरीशंकरला त्यांच्या पांढऱ्या मिशीवर पाकाचे थेंब चकाकताना दिसले. डॉक्टरांनी त्यांचं गोड बंद केलं होतं. मुक्कामात गायत्रीनं साखरेच्या डब्याला कुलूप लावलं होतं. आणि हमरस्त्यावरच्या ढाब्यावर गुलाबजाम झकास मिळतात.

त्यानं खिशातला हातरुमाल काढला. "मामा, लई घाम आलाय. पुसा."

वीरप्पांनी कपाळ सोडून मिशी पुसली आणि काठावरच्या कोट घातलेल्या पोत्याकडं, मग जावयाकडं एकवार नीट बघितलं.

"फोनची बॅटरी गेली हुती," ते लेकीला म्हणाले. मग हवालदारांकडं वळून आवाज चढवला, "आन् ह्याला सोडा. माझा कोट पोत्याला घालून बघ म्हणून म्याच सांगितलं हुतं. लिहिणारा माणूस हाय, त्याला समदं तपासावं लागतंय. तुमाला काय कळतंय त्यातलं?"

दगडाबाई नाराज होऊन गवताकडं परतली. गर्दी पांगली. गायत्रीनं नवऱ्याकडं एक जळजळीत नजर टाकली, पण वडिलांचा हात धरून ती चालू लागली तेव्हा तिच्या चालीत हलकेपणा होता. गौरीशंकर ओला कोट पिळत मागं राहिला. इतकं मोकळं त्याला कादंबरी पुरी झाली त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

"गौरीशेठ, जरा इकडं या," युवराज हवालदारांनी दरडावलं आणि त्याला झाडामागं नेलं. गौरीशंकरचा जीव पुन्हा टांगणीला लागला.

हवालदारांनी आजूबाजूला बघितलं. मग टोपी काढून एकदम खालच्या आवाजात म्हणाले, "ते... मीबी एक कादंबरी लिहायला घेतलीय. खुनाचीच. माझ्यात सासू हाय. नवीन माणसाला काय सांगाल? हिरीत टाकू का किल्ल्यावरनं?"

गौरीशंकरनं कोट खांद्यावर टाकला.

"काय करू नका हवालदार. चांगलं वय होऊन, झोपेतच जाऊ द्या त्यांना."

"मग तपास कशाचा करायचा?"

"नका करू," गौरीशंकर म्हणाला. "घरात जेवायला मिळंल."