लठ्ठ्याचा कीबोर्ड

यामिनी आपटेने स्वयंपाकघराच्या ओट्यावर तीन गोष्टी मांडल्या होत्या. पोह्यांना वाफ येईपर्यंत त्यांतली कोणती परवडते ते ठरवायचं होतं. एक होतं कॉम्प्युटरचं जाडजूड इंग्रजी पुस्तक, शेजारच्या स्मिताकडून नुसतं बघायला आणलेलं. त्याची किंमत वाचल्याबरोबर तिने ते फोडणीपासून लांब सरकवलं. दुसरं भंवरकुआं भागातल्या एका कॉम्प्युटर क्लासचं चकचकीत पत्रक. तिसरं तिथल्याच होस्टेलमधल्या कुणा मुलाने विकायला काढलेलं जुनं गाइड. त्या मुलाने पहिल्या धड्यातली ओळ न् ओळ लाल पेनने अधोरेखित केली होती, दुसऱ्यात एखाददुसरी, आणि तिसऱ्यापासून पुढे पुस्तक अगदी कोरं होतं.

"हेच घेते," यामिनी म्हणाली. "पुढच्या रेघा मी मारीन."

मिल बंद झाल्यापासून आपट्यांचं घर यामिनीच्या नवऱ्याच्या, सुजयच्या, राजवाड्याजवळच्या दुकानातल्या पगारावर चाललं होतं, म्हणजे चालत कमी आणि लंगडत जास्त होतं. तशात अन्नपूर्णा मंदिराजवळच्या शाळेने ऑफिसात कॉम्प्युटर आणला. हेडबाईंनी यामिनीला सांगितलं होतं, "नवं सेशन सुरू व्हायच्या आत कॉम्प्युटरची परीक्षा पास होऊन या. खुर्ची तुमची." ती खुर्ची यामिनीने पाहिली होती. फिरती होती. तेव्हापासून कडेवरच्या लेकीला, रुचीला, झोपवतानाही तिच्या डोक्यात ती खुर्ची फिरत असे.

गाडं अडलं ते टायपिंगपाशी. परीक्षेत बटणांकडे न बघता भराभर टाइप करायचं, आणि क्लासवाले मशीनवर बसायचे पैसे वेगळे मागत. गाइडमध्ये कीबोर्डचं चित्र होतं, पण ते काडेपेटीएवढं.

"एवढंच ना?" सासरे म्हणाले. अच्युतराव मिलच्या छपाई खात्यात मास्तर होते. घरी बसल्यापासून त्यांनी घरातल्या बिघडलेल्या वस्तू दुरुस्त केल्या होत्या, आणि त्या संपल्यावर चालू वस्तूही दुरुस्त करायला घेतल्या होत्या. "बोटांना काय कळतं खाली मशीन आहे की कापड? माप बरोबर पाहिजे, बस. मी छापून देतो कीबोर्ड."

क्लासमध्ये एक तास फुकटात शिकवून दाखवत असत. त्या तासाला सुनेबरोबर अच्युतरावही गेले, दाराशी चपला काढल्या, आणि सगळे पडद्याकडे बघत असताना त्यांनी खिशातून टेप काढून कीबोर्डला लावली.

"अंकल, ये क्या कर रहे हो?" क्लासचे रजत सर धावत आले.

"माप ले रहा हूँ, भिया."

"सूट सिलवाओगे क्या इसका?"

"सूट नहीं," अच्युतराव गंभीरपणे म्हणाले, "चादर."

घरी आल्यावर त्यांनी पेटीतून मिलच्या लठ्ठ्याचं, म्हणजे जाड सुती कापडाचं, शेवटचं ठाण काढलं. ते बघताच सासूबाईंनी, कमलताईंनी, हातातलं लाटणं खाली ठेवलं. हा या घरातला त्या दोघांच्या लग्नापासूनचा विषय होता.

"अहो, हा धुतला की आटतो."

"आमच्या मिलचा लठ्ठा फाटेल, पण आटणार नाही."

"मग तो तुमचा दिवाळीचा सदरा सुजयच्या अंगात कसा काय गेला? पाचवीत होता तो."

"सदरा नाही आटला. माझं पोट वाढलं होतं."

"आणि बाह्या? हातपण वाढले होते काय?"

अच्युतरावांनी कोरणी उचलली. ते ठसे कोरण्यात गुंतले. एकेक अक्षर, एकेक चौकोन, काळा पक्का रंग. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाटावर असा कीबोर्ड अंथरला गेला की बघायला शेजारपाजारचे लोक आले. "एकदम ओरिजिनल," स्मिता म्हणाली. "नुसतं वायर लावायचं राहिलं."

यामिनी जिद्दीने बसली. कुकरच्या शिट्ट्यांच्या मधे, रुची झोपल्यावर, दूध तापेपर्यंत. सुरुवातीला करंगळी ताणून ताणून दुखायची. मग एक दिवस रुची रांगत पाटावर चढली आणि नेमका कंट्रोलच्या बटणावर तिचा कंट्रोल सुटला. कमलताईंनी कापड धुतलं. पुढच्या आठवड्यात पोह्यांची बशी उपडी झाली. हळदीचे डाग साध्या पाण्याने जाईनात, म्हणून कमलताईंनी कापड सोडा घालून पातेल्यात चांगलं रटरट उकळलं. डाग गेले. मग आमटी सांडली, पुन्हा पातेलं चढलं. अक्षरं मात्र जशीच्या तशी. छपाई मास्तरांचा रंग होता तो.

नवल म्हणजे दर धुण्याला यामिनीचा वेग वाढत गेला.

"बाबा, आता करंगळी आपसूक पोचते. ताणावी लागतच नाही!"

"हात बसला!" अच्युतराव खुश झाले. "मी म्हटलं नव्हतं?"

कमलताईंनी कापडाकडे एकदा रोखून पाहिलं, ओठ उघडले. पण सून हसत होती, म्हणून ओठ मिटून त्या भाजी निवडायला लागल्या.

परीक्षेत लेखी पेपर छान गेला. मग यामिनी टायपिंगला बसली. समोर खराखुरा कीबोर्ड, शेजारी मजकुराचा कागद. आधी स्वतःचं नाव टाइप करायचं होतं. यामिनीने रुबाबात बोटं ठेवली आणि खाली ढुंकूनही न बघता नाव मारून टाकलं. मग पडद्याकडे पाहिलं तर इंग्रजीत स्वच्छ लिहिलं होतं, यस्मिनी सोटे.

तिने पुसून पुन्हा मारलं. पुन्हा सोटे. 'ए'कडे निघालेली करंगळी अलीकडेच 'एस'वर थांबत होती, आणि दुसऱ्या हाताची 'पी'च्या आधी 'ओ'वर.

देखरेखीवरच्या मॅडम येऊन मागे उभ्या राहिल्या. "आपका नाम सोटे है?"

"नहीं मैडम, आपटे."

"तो कीबोर्ड खराब है क्या?"

यामिनीने आता कुठे खाली पाहिलं. अक्षरं तीच, ओळी त्याच, पण सगळं कसं ऐसपैस. तिच्या डोळ्यांपुढे सोड्याचं पातेलं रटरटायला लागलं.

"खराब नहीं है मैडम," ती हळूच म्हणाली. "बड़ा है."

"सबको एक ही साइज़ का मिला है. टाइम मत गँवाओ."

आजूबाजूला खटखट चालू होती. यामिनीला फिरती खुर्ची फिरत फिरत दाराबाहेर निघालेली दिसली. ताणायची म्हणजे किती ताणायची बोटं? आणि तिला आठवलं, रुचीला पहिल्यांदा न्हाऊ घालताना सासूबाई म्हणाल्या होत्या, "घाबरू नको गं. पंजा पूर्ण पसर. डोकं पेलायचंय लेकराचं."

तिने दोन्ही पंजे तसे पसरले, पाण्यात तान्हं डोकं पेलावं तसे, आणि हळूहळू टाइप करत सुटली. आपटे आले. मजकूर आला. वेळ संपता संपता शेवटची ओळही आली.

"स्पीड कम है," मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं, "पर पास हो."

यामिनी घरी आली तेव्हा अच्युतराव दारातच ठाण मांडीवर घेऊन बसले होते. स्मितालाही कीबोर्ड हवा होता.

"पास!" यामिनी म्हणाली. रुचीने तिच्याकडे झेप घेतली.

"शाब्बास! मग, आपला आणि तिथला, एकसारखेच ना?"

यामिनी घुटमळली. आत कमलताईंची भांडी घासायची थांबली. "तिथला... जरा मोठा होता, बाबा. म्हणजे आपलं कापड बरोबर होतं. त्यांचाच फुगला असणार. दिवसभर एसीत ठेवतात ना."

अच्युतराव उठले, खुंटीवरची टेप घेतली आणि आत जाऊन पाटापाशी वाकले. एकदा आडवं मोजलं, एकदा उभं. मग टेप गुंडाळत बाहेर आले.

"आटलाय," ते म्हणाले.

हा शब्द या घरात त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकू आला. कमलताई राखेचे हात तसेच घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या. लग्नापासून ज्याची वाट बघितली, तो क्षण समोर उभा होता.

"काही आटलाबिटला नाही," कमलताई म्हणाल्या. "मी सोड्यात उकळून राहिले होते रोज. सोड्यात माणूसपण आटेल."

"नाही गं. तो दिवाळीचा सदरासुद्धा..."

"सदरा एकदम बरोबर होता," कमलताईंनी त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. "तुमचं पोट वाढलं होतं."

आणि आत जाता जाता त्यांनी पाण्याने भरलेली बादली पायाने हलकेच अच्युतरावांकडे सरकवली.

"स्मिताचं कापड मात्र छापायच्या आधी भिजवा. पोहे काय, तिच्याकडेही सांडतील."